एकट्याने पळावे की ग्रुपबरोबर? कोल्हापुरात नव्याने पळू लागणाऱ्यांसाठी

"पळायला सुरुवात करायची आहे, कोणत्या ग्रुपला जाऊ?" असा प्रश्न ओळखीतले कोणी ना कोणी मला विचारत असते आणि माझे उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटते. आधी तीन आठवडे एकट्याने पळा, मग ग्रुपला जा आणि ग्रुपला जाऊ लागल्यावरही आठवड्यातला निदान एक दिवस स्वतःसाठी राखून ठेवा, असे मी सांगतो.

हा क्रम मी स्वतःच्या दुखण्यातून शिकलो. पळायला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी मी रंकाळ्यावरच्या एका ग्रुपमध्ये जाऊन उभा राहिलो. मंडळी मनमोकळी होती, परंतु मी यापूर्वी कधी पळलो आहे का, हे कोणी विचारले नाही आणि मीही आपणहून सांगितले नाही. सगळे पळू लागले, मीही पळू लागलो. छाती भरून येत होती, पण पुढच्या माणसाची पाठ नजरेआड होऊ द्यायची नाही एवढे एकच डोक्यात होते. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी घरचा जिना उतरताना उजव्या नडगीच्या आतल्या बाजूने अशी कळ आली की कठडा धरून उभे राहावे लागले. बोटाने दाबत गेल्यावर घोट्याच्या वरपासून जवळजवळ वीतभर हाड दुखत होते. पुढचे सहा आठवडे पळणे बंद राहिले. त्या ग्रुपचा वेग वाईट नव्हता, तो माझा नव्हता, आणि माझा वेग कोणता हे तेव्हा मला माहीतच नव्हते.

यामागचे कारण नवशिक्याने नीट समजून घेतले पाहिजे. नियमित व्यायाम सुरू केल्यावर दम काही आठवड्यांतच सुधारतो, परंतु हाडे, स्नायुबंध आणि टाचेमागची शीर यांना तेवढाच भार पेलायला शिकण्यासाठी कित्येक महिने लागतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात "आता जमते आहे" असे वाटू लागते, तेव्हा पाय मात्र अजून तयार झालेले नसतात. ग्रुपमधला उत्साह नेमका याच काळात घात करतो.

पहिली पायरी: तीन आठवडे एकट्याने

वय चाळिशीच्या पुढे असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा काही त्रास असेल, अथवा चालतानाही छातीत जड वाटत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून घ्यावे. पळताना छातीत दाब, खांदा, हात किंवा जबड्याकडे जाणारी वेदना, अथवा अंधारी जाणवली, तर तिथेच थांबून मदत मागावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. बुटांविषयी एवढेच सांगेन की पळण्याचेच बूट घ्यावेत, ते संध्याकाळी विकत घ्यावेत कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो, आणि अंगठ्यापुढे अर्धा-पाऊण बोट जागा असावी. महाग बुटांनी नडगी वाचत नाही.

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, प्रत्येक वेळी अर्धा तास एवढेच वेळापत्रक ठेवावे. पहिली पाच मिनिटे भरभर चालावे. पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळणे आणि दोन मिनिटे चालणे असे आळीपाळीने सात-आठ वेळा करावे. दुसऱ्या आठवड्यात दोन मिनिटे पळणे, दोन मिनिटे चालणे. तिसऱ्या आठवड्यात तीन मिनिटे पळणे, दोन मिनिटे चालणे. शेवटची पाच मिनिटे पुन्हा सावकाश चालावे. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करावा. त्यात कमीपणा काहीच नाही, आणि एकट्याने पळण्याचा पहिला लाभ हाच आहे की हा निर्णय घेताना कोणाच्या चेहऱ्याकडे बघावे लागत नाही. ग्रुपमध्ये असताना मधेच चालायला लागणे नव्या माणसाला फार अवघड जाते.

जागेच्या बाबतीत कोल्हापूरकर सुदैवी आहेत. रंकाळ्याच्या काठाने पदपथ आहे. तळ्याला एक पूर्ण फेरी चार किलोमीटरांच्या आसपास भरते, परंतु रस्त्याकडेने गेलो की काठाकाठाने गेलो यावर ती कमीजास्त होते, म्हणून मोबाइलवर एकदा स्वतः मोजून घ्यावी. नवशिक्याने पहिल्या महिन्यात पूर्ण फेरीचा हट्ट धरू नये, कारण फेरीच्या मध्यावर दम संपला तर परतीचे अंतर तेवढेच उरते. शालिनी पॅलेसच्या बाजूला किंवा चौपाटीजवळ पाचशे मीटरचा एखादा सपाट तुकडा निवडून तिथेच ये-जा करावी. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात झाडी आणि शांतता आहे, पण चढउतारही आहेत. तिथे पहिल्या तीन आठवड्यांनंतर जावे आणि फाटकावर प्रवेशाच्या वेळा विचारून घ्याव्यात. मातीचे मैदान जवळ असेल तर डांबरी रस्त्यापेक्षा पायांना ते बरे.

मैदानावर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली जोरात पळताना दिसतील. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर अंतर कमीत कमी वेळेत कापायचे असते, म्हणून त्यांचा सराव वेगाचा आहे. त्यांच्या जिद्दीचे कौतुक करावे, मात्र त्यांच्या मागे लागू नये.

दुसरी पायरी: आपला वेग ओळखणे

या तीन आठवड्यांतून अंतर किंवा वेळ मिळवायची नसून एक ओळख मिळवायची आहे, ती म्हणजे न थांबता बोलता येईल असा आपला वेग. घड्याळाची गरज नाही. पळता पळता स्वतःलाच विचारावे, काल रात्री जेवायला काय होते? "काल घरी पाहुणे आले होते म्हणून तांबडा-पांढरा केला होता आणि मी दोन भाकऱ्या खाल्ल्या" एवढे वाक्य मोठ्याने, मधे श्वास न तुटता म्हणता आले, तर वेग बरोबर आहे. "काल… तांबडा… पांढरा…" असे तुकडे पडू लागले, तर वेग कमी करावा. एखादे गाणे सबंध गाता येत असेल, तर थोडे वाढवायला हरकत नाही. हे रस्त्यावर विचित्र वाटेल, पण पहाटे पाहणारे थोडे असतात आणि त्यातले निम्मे स्वतःच्याच दमाशी झगडत असतात.

बहुतेक नवशिक्यांचा हा वेग त्यांच्या अपेक्षेपेक्षा बराच संथ निघतो. किलोमीटरला आठ-नऊ मिनिटे, कधी त्याहूनही अधिक. तो मान्य करावा. पावलांचा आवाज ऐकावा. थाप-थाप असा जड आवाज येत असेल, तर पावले लांब पडत आहेत. ती आखूड करून थोडी लवकर लवकर टाकली की आवाज हलका होतो आणि गुडघ्यावरचा भारही उतरतो. हे ऐकण्यासाठी कानात गाणी नसावीत आणि शेजारी बोलणारे कोणी नसावे. शरीराची ही भाषा एकट्यानेच शिकता येते असे माझे ठाम मत आहे, आणि म्हणूनच मी नव्या माणसाला आधी एकट्याने पाठवतो.

तिसरी पायरी: एकट्याने पळताना घ्यायची काळजी

जानेवारीत कोल्हापुरात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, तर मे-जूनमध्ये सहाच्या सुमारास. म्हणजे हिवाळ्यात साडेपाचला निघणारा माणूस जवळजवळ सगळे पळणे अंधारात करतो. त्यात उसाचा हंगाम असतो. कसबा बावड्याच्या बाजूला किंवा शहराबाहेरच्या कोणत्याही रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चाललेले असतात, ट्रॉलीच्या बाहेर ऊस आलेला असतो आणि अनेकदा मागे दिवाही नसतो. अशा रस्त्यावर अंधारात एकट्याने जाऊ नये, उजाडल्यावर जावे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून पदपथ नसलेल्या रस्त्यावर पळणाऱ्याने उजव्या कडेने पळावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. अंगात फिकट किंवा प्रकाश परावर्तित करणारा कपडा असावा. दोन्ही कानांत इअरफोन घालू नयेत.

घरातल्या एका माणसाला मार्ग आणि परत येण्याची वेळ सांगून निघावे. मोबाइल बरोबर असेल तर लोकेशन चालू ठेवून घरच्यांना पाठवावे. खिशात एका कागदावर नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहून ठेवावा, कारण मोबाइलला कुलूप असते आणि मदत करणाऱ्या अनोळखी माणसाला ते उघडता येत नाही.

महिलांना पहाटे एकटीने पळण्यात जी धाकधूक असते ती खरी आहे आणि तिच्यावर "घाबरायचे काय त्यात" हे उत्तर नव्हे. आपले शहर तुलनेने मोकळे आहे, तरी सुरुवात वर्दळीच्या जागी आणि उजेडात करावी, रोज त्याच मिनिटाला त्याच कोपऱ्यावरून जाण्याचे टाळावे, कोणी पाठलाग करते असे वाटले तर चहाची गाडी, दूधवाला, फिरायला आलेले कुटुंब अशा माणसांत जाऊन थांबावे आणि ११२ वर फोन करण्यास कचरू नये. ज्या भगिनींना हे सगळे करूनही मन निश्चिंत ठेवता येत नाही, त्यांनी तीन आठवड्यांचा माझा नियम बाजूला ठेवून पहिल्या दिवसापासून एका मैत्रिणीला बरोबर घ्यावे. दोघींनी मिळून चालणे-पळणे हेच वेळापत्रक पाळले, तर शिकण्यात फारसे उणे पडत नाही.

कुत्र्यांचा प्रश्न गल्लोगल्ली आहे. कुत्रे भुंकत अंगावर आले तर पळणे थांबवून चालू लागावे, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, पाठ न फिरवता हळूहळू त्याच्या हद्दीतून बाहेर पडावे. चावलेच, किंवा नुसते दात लागून ओरखडा उठला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची लावण्यात वेळ घालवू नये. लसीचे सगळे डोस सांगितलेल्या तारखांना पूर्ण करावेत.

चौथी पायरी: ग्रुप पाहणे

तीन आठवडे संपले, आपला वेग कळला, की ग्रुप शोधायला हरकत नाही. शोधायला फार लांब जावे लागत नाही. रविवारी सकाळी रंकाळ्यावर किंवा विद्यापीठाच्या बाजूला गेले की एकसारखे टी-शर्ट घातलेले जथे दिसतातच. कोणी विनामूल्य पळतात, कोणाकडे प्रशिक्षक असतो आणि मासिक शुल्क असते. लगेच नाव नोंदवू नये. एक रविवार नुसते उभे राहून पाहावे.

काय पाहावे? बहुतेक लोक सर्वांत पुढचा माणूस किती वेगाने पळतो ते पाहतात. मी सांगतो, सर्वांत शेवटी येणाऱ्याकडे पाहा. त्याच्याबरोबर कोणी आहे का? तो पोहोचतो तेव्हा बाकीचे तिथे आहेत की नाश्त्याला निघून गेले? तो चालत आला तर त्याला काय म्हणतात? एकदा मी एका ग्रुपची वाट पाहत रंकाळ्यावर उभा होतो. धुके होते, केंदाळाचा ओलसर वास पसरला होता. सगळे येऊन अंग ताणत बसले आणि तरी दोघे जण सारखे रस्त्याकडे पाहत होते. दहा-बारा मिनिटांनी पन्नाशीच्या एक बाई आल्या, पंजाबी ड्रेसवर पांढरे बूट, चेहरा लाल झालेला, आणि त्यांच्या बरोबरीने एक तरुण मुलगा, ज्याला तो वेग म्हणजे चालण्यासारखाच असणार. शेवटच्या शंभर मीटरला बाई घाईने पळू लागल्या तसा तो म्हणाला, "सावकाश की ओ काकी, कुठं गाडी चुकतीय?" त्या हसल्या आणि पुन्हा आपल्या वेगावर आल्या. तो ग्रुप नव्या माणसासाठी योग्य आहे हे ओळखायला मला आणखी काही पाहावे लागले नाही.

कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. आपल्या तालमीत नवा पोरगा आला तर वस्ताद पहिल्या दिवशी त्याला तयारीच्या मल्लाशी भिडवत नाही. आधी जोर-बैठका, माती उकरणे, मग वजन आणि तयारी पाहून जोड लावतात. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानातही कुस्ती रंगते ती जोड बरोबरीची असेल तेव्हाच. पळण्याच्या ग्रुपमध्येही जोड पाहिली पाहिजे. म्हणून जाण्याआधी ग्रुप चालवणाऱ्याला सरळ प्रश्न विचारावेत: तुमच्यात किलोमीटरला आठ-नऊ मिनिटांनी पळणारे किती आहेत? नव्या माणसाबरोबर कोण राहते? रविवारचे अंतर किती आणि मधूनच परत फिरता येते का? जुने आजार, दुखापती यांची माहिती तुम्ही घेता का? उत्तर "या हो, होईल सवय" एवढेच आले, तर दुसरा ग्रुप पाहावा.

पाचवी पायरी: ग्रुपमधला पहिला महिना

शेजारी कोणी असले की माणूस नकळत जोर लावतो, हे फार पूर्वीपासून नोंदले गेले आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ साली सायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवणाऱ्यांपेक्षा इतरांच्या सोबतीने चालवणारे अधिक वेगवान असल्याचे त्यांना दिसले, आणि मग मुलांना मासेमारीच्या गळाची फिरकी फिरवायला देऊन त्यांनी तीच गोष्ट पुन्हा तपासली. जुन्या पळणाऱ्याला हा जोर उपयोगी पडतो. नव्याला तो कळतच नाही, म्हणून त्याला बांध घालावा लागतो.

बांध असा घालावा. पहिले चार रविवार, ग्रुप कितीही अंतर पळो, आपण आधीच ठरवलेली मिनिटेच पळायची, आणि ती आदल्या दिवशी ग्रुपमधल्या एकाला तरी सांगून ठेवायची. सुरुवातीला सर्वांत मागे उभे राहायचे. पहिल्या दहा मिनिटांत कोणाशी तरी बोलत राहायचे. बोलणे तुटू लागले की वेग आपला राहिलेला नाही. पुढचे लोक नजरेआड गेले तर जाऊ द्यायचे. चालण्याची पाळी आली की चालायचे, आणि कोणी "चला चला, थांबू नका" म्हणाले तर "माझे तीन मिनिटे पळणे, दोन मिनिटे चालणे चालू आहे" असे स्पष्ट सांगायचे. बहुतेक लोक हे ऐकून मान डोलावतात, कारण ते स्वतःही कधीतरी तिथूनच आलेले असतात.

ग्रुपमुळे वारा अडतो आणि पळणे सोपे होते, असेही ऐकायला मिळेल. ही गोष्ट खरी आहे, पण ती कोणासाठी खरी आहे ते पाहावे. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात केनियाचे धावपटू एलिउड किपचोगे यांनी मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत पार केले, तेव्हा ४१ वेगधारक, म्हणजे ठरलेल्या वेगाने सोबत पळणारे धावपटू, आळीपाळीने त्यांच्याभोवती ठरावीक रचनेत पळत होते आणि वारा अडवणे हा त्या रचनेचा मोठा हेतू होता. ती शर्यत खुली नव्हती आणि वेगधारक बदलत होते, त्यामुळे तो अधिकृत विक्रम धरला जात नाही. तो वेग किलोमीटरला तीन मिनिटांच्याही आतला आहे. आठ-नऊ मिनिटांनी पळणाऱ्याला पुढच्या माणसाच्या आडोशाचा लाभ नगण्य असतो.

तुम्हाला ग्रुपकडून मिळते ते निराळे आहे. पहाटे गजर झाल्यावर अंथरुणातून उठवणारे सर्वांत मोठे बळ म्हणजे कोणी तरी आपली वाट पाहते आहे ही जाणीव. लांबचे अंतर बोलता बोलता सरते. पाय मुरगळला तर खांदा द्यायला कोणी असते. जोतिबाचा डोंगर किंवा पन्हाळ्याच्या वाटेवरचा वाघबीळचा चढ, जिथे एकट्याने जाण्याची कल्पनाही येत नाही, तिथे ग्रुप एखाद्या वर्षाच्या तयारीनंतर सहज घेऊन जातो. आणि जुन्या लोकांकडून ऐकता ऐकता बूट कधी बदलायचे, मांडीवर चट्टे उठू नयेत म्हणून काय लावायचे, अशा शंभर गोष्टी कळतात, ज्या विचारायचे एकट्याला सुचतही नाही. रविवारी पळून झाल्यावर मिसळीच्या गाडीवर जो अर्धा तास जातो, त्याची मला तर ओढ लागलेली असते.

ग्रुपची शिस्त थोडक्यात सांगतो. रस्त्यावर दोघांपेक्षा जास्त जण आडवे पळू नयेत आणि वाहन दिसले की "गाडी" अशी हाक देऊन एका ओळीत यावे. खड्डा दिसला तर मागच्यांना हाताने दाखवावा. पहाटे घरांजवळून जाताना आवाज हळू ठेवावा. फिरायला आलेल्या वृद्धांना वाट द्यावी. पाण्याची रिकामी बाटली आपल्याच हातातून घरी जावी, रंकाळ्यात नव्हे.

सहावी पायरी: आठवड्याची वाटणी

पहिल्या महिन्यानंतर माझ्या मते तीन दिवसांच्या आठवड्याची वाटणी अशी असावी: मंगळवारी एकट्याने, सावकाश, अर्धा-पाऊण तास, गुरुवारी एकट्याने किंवा एका जोडीदाराबरोबर, रविवारी ग्रुपबरोबर, थोडे अधिक अंतर. ज्यांना एकट्याने उठणे जमतच नाही, त्यांनी ग्रुपचे दोन दिवस ठेवावेत, पण तिसरा दिवस सोडू नये. त्या दिवशी पायांचे दुखणे, झोपेची उणीव, मनाचा थकवा हे सगळे स्वच्छ कळते. ग्रुपमध्ये ते गप्पांखाली झाकले जाते.

जोडीदार हा मधला मार्ग अनेकांना सर्वांत मानवतो आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. एकच माणूस, शक्यतो आपल्याच गल्लीतला, आपल्याच वेगाचा. नात्यातला असलाच पाहिजे असे नाही, किंबहुना नवरा-बायको किंवा बाप-लेक यांचे वेग क्वचितच जुळतात आणि मग रस्त्यावरच रुसवेफुगवे होतात. जोडीदाराशी एक नियम आधीच बोलून ठेवावा: यायचे नसेल तर रात्री दहापर्यंत निरोप द्यायचा, आणि निरोप नसताना कोणी आले नाही तर दुसऱ्याने पाच मिनिटे थांबून निघायचे. हा नियम नसेल तर एक जण आजारी पडला की दोघांचेही पळणे सुटते. एकट्याने पळण्याची सवय आधी लावून घ्या असे मी म्हणतो, त्याचे हेही कारण आहे.

ही सवय पावसाळ्यात कसाला लागते. जूनच्या मध्यापासून आपल्याकडे जी संततधार लागते, तिच्यात मोठमोठे ग्रुप निम्म्यावर येतात आणि सकाळी सहाला व्हॉट्सअॅपवर "आज पाऊस, रद्द" एवढाच निरोप असतो. रिमझिम पावसात पळायला हरकत नाही. कपडे हलके असावेत, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत असावा, आणि शेवाळ धरलेल्या फरशांवर, घाटाच्या पायऱ्यांवर किंवा पाण्याने झाकलेल्या रस्त्यावर पाऊल टाकू नये, कारण खालचा खड्डा दिसत नाही. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी या आकड्यांकडे सरकू लागले की नदीकाठचे सगळे मार्ग बंद समजावेत, पाणी बघायला म्हणूनही पळत जाऊ नये. एप्रिल-मेमधल्या वळिवाची गोष्ट निराळी. तो बहुधा दुपारनंतर विजांसह येतो, म्हणून त्या दिवसांत संध्याकाळी पळणाऱ्यांनी आभाळ काळे झाले की माघारी फिरावे आणि झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत जावे.

ग्रुप बदलण्याची वेळ

कधी कधी सगळे नीट करूनही ग्रुप मानवत नाही. शनिवारी रात्रीपासूनच उद्याच्या पळण्याचे दडपण येऊ लागले, दुखत असताना ते लपवून पळावेसे वाटू लागले, किंवा दर रविवारी कोणाचे टायमिंग किती एवढीच चर्चा होऊ लागली, तर दोन-तीन आठवडे एकट्याने पळून पाहावे. दडपण उतरले तर ग्रुप बदलावा. निरोप घेताना भांडण नको. रंकाळा सगळ्यांचाच आहे आणि उद्या तीच माणसे समोरून येणार आहेत. उलट, एकट्याने पळणाऱ्याचे सलग दोन आठवड्यांत तीनपेक्षा अधिक दिवस बुडाले, तर त्याने आपणहून कोणाला तरी हाक मारावी.

पहिल्या स्पर्धेचा दिवस

सहा-आठ महिन्यांत ग्रुपमधले कोणी तरी पाच किंवा दहा किलोमीटरच्या स्पर्धेचा अर्ज पुढे करतेच. भरावा. त्या दिवशी मात्र सुरुवातीच्या रेषेवर जाण्याआधी एक गोष्ट आपसांत बोलून ठेवावी: कोण कोणासाठी थांबणार आहे? "सगळे बरोबर पळू" असे मोघम ठरवले की वेगवान माणूस मनातून अडकतो आणि संथ माणूस अपराधी होतो. त्यापेक्षा पहिला किलोमीटर सगळ्यांनी सर्वांत संथ माणसाच्या वेगाने, गर्दीतून वाट काढत, एकत्र पळावे. तिथून पुढे ज्याने त्याने आपापल्या वेगाने जावे. आणि शेवटच्या रेषेनंतर गर्दीत मोबाइल लागत नाहीत, म्हणून भेटण्याची जागा आणि शेवटचा माणूस येईपर्यंत तिथे थांबणाऱ्या दोघांची नावे आदल्या रात्रीच नक्की करावीत.